पाठ

वल्हेकरी पुढे जातो तो पाठीनं.
शर्यत कुठे संपते ते त्याला दिसत नाही.
दिसतो सुकाणू धरून बसलेला मी,
आणि माझ्या खांद्यावरून
लहान होत गेलेला किनारा.

होग्नीची पाठ सातव्या वर्षी किडली.
क्षय मणक्यात शिरला होता.
तोर्सहावनच्या वर, वाऱ्यावरच्या दवाखान्यात
प्लॅस्टरच्या कवचात
त्याला उताणा ठेवला बावीस महिने.
हलायचं नाही, हे डॉक्टरांनी डॅनिशमध्ये लांबलचक सांगितलं.
आईनं आमच्या बोलीत आणलं तेव्हा
तीनच शब्द उरले,
पडून राहा, बाळा.

मी त्याच्या पाठचा.
मुलांना आत सोडत नसत,
म्हणून मी खिडकीबाहेर उभा राहायचो,
हातात कधी खेकडा, कधी माझा पडलेला दात.
नर्सनं त्याच्या डोक्यावर आरसा टांगला होता,
त्यात मी त्याला दिसायचो, उजव्याचा डावा होऊन.
तो हात हलवायचा.
मी चुकीच्या बाजूला बघून हसायचो.

खाज सुटायची, कवचाच्या आत, बोट पोचणार नाही तिथे.
आईनं मोज्यांच्या पुडक्यात
तीन नंबरची विणायची सुई लपवून धाडली.
पकडली गेली असती तर काय झालं असतं कोण जाणे.
नाही पकडली गेली.

छताच्या फळ्यांत एकशे चौदा गाठी होत्या.
शाळेतलं काही नाही,
पण एवढं त्याचं पाठ झालं.

परत आला तेव्हा पाय दोऱ्यासारखे,
कमरेला चामड्याचा पट्टा.
दुकानात बायका आवाज खाली करायच्या.
गवताच्या छपरांमधल्या वाटेनं चालताना
तो डुलायचा, आणि कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची.

म्हातारा दान्याल नाव डांबरत होता.
"बसता येतं?" त्यानं विचारलं.
"येतं."
"मग चढ."
नावेत सगळेच डुलतात.

पुढची अकरा वर्षं मला नीट सांगता येणार नाहीत.
कॉडच्या हंगामात वडील ग्रीनलंडला असत,
घरी वास सुकत्या मटणाचा, ओल्या लोकरीचा,
आणि रोज संध्याकाळी खाडीत एकच आवाज,
वल्ह्याच्या खिट्टीचा, कुरकुरत जाणारा, कुरकुरत येणारा.
"अवजड काम वर्ज्य" लिहिलेला डॉक्टरांचा कागद
आईनं सुयांच्या खणात ठेवला होता.
तो कधी बाहेर आला नाही.

जुलैअखेरची जत्रा. बंदरावर धुकं, माणसं, छत्र्या.
सहा जण, दोन किलोमीटर, आणि मी ओरडणारा.
अर्ध्यावर वेस्टमानाची नाव पुढे होती.
मला तिचा सुकाणवाला दिसत होता, होग्नीला नव्हता.
त्याला त्या टेकडीवरची खिडक्यांची रांग दिसत होती,
मागे मागे जाणारी.
त्याचे ओठ हलत होते.
वल्हं मोजतोय असं वाटलं,
मग कळलं, गाठी मोजतोय,
एकशे चौदा, पुन्हा पहिलीपासून.

भोंगा झाला तेव्हा तिसरी फेरी चालू होती,
तो एकशे एकवर होता.
आम्ही अर्ध्या नावेनं पुढे होतो.
बाकीचे पाच वल्ह्यांवर कोसळले.
त्यानं उरलेल्या तेरा गाठी
थांबलेल्या पाण्यात सावकाश पुऱ्या केल्या.

धक्क्यावर लोक धावत आले, हात उगारून,
आणि हात हवेतच थांबले.
गावात त्याच्या पाठीला
आजवर कुणी हात लावलेला नव्हता.
मीसुद्धा नाही.

"थोपटा की," तो म्हणाला, "काच नाहीये."

पहिला हात दान्यालचा पडला, अख्खा पंजा,
डांबराचा काळा ठसा उठला शर्टावर.
मग कोण कोण, मला मोजता आलं नाही.
माझा हात सगळ्यात शेवटी,
आणि शर्टाखाली, मणक्यावर,
गाठ लागली बोटांना.
एकशे पंधरावी.